सायक्लोस्टाइलचं हँडल

साठ वर्षांनी समोरासमोर आल्यावर प्रल्हादने मला पहिला प्रश्न विचारला, "हँडल कुठंय?"

आम्ही टेक्सासमधल्या फ्रिस्को गावात, देशी किराणा दुकानात, भेंडीच्या ढिगाच्या दोन बाजूंना उभे होतो. मी टोकं मोडून भेंडी निवडत होतो. पलीकडे एक म्हातारा तेच करत होता आणि मध्येच खाकरला. सभेत माझा मुद्दा खोडण्याआधी प्रल्हाद खाकरायचा, अगदी तसाच. मी मान वर केली. त्याने मला ओळखलं, हातातली भेंडी खाली ठेवली आणि हँडलचं विचारलं. कसा आहेस, इथे कधी आलास, घरी कोण कोण असतं, काही नाही. मीही काही कमी नाही. "तो प्रश्न त्या वेळच्या परिस्थितीत बघायला हवा," असं मी त्याला भेंडीवरून सांगितलं. माझी मुलगी वैदेही मागे ट्रॉली धरून उभी होती. बाबांची कुणाशी तरी जुनी ओळख निघाली म्हणून तिला बरं वाटलं.

ओळख कसली, तीन वर्षं आम्ही एका सतरंजीवर झोपलो होतो. सोलापुरात सायकलच्या दुकानावर पक्षाची एक खोली होती. त्या खोलीत एक सायक्लोस्टाइल मशीन होतं. स्टेन्सिल लावायचं, शाई भरायची, हँडल फिरवत राहायचं, की पत्रकं बाहेर पडायची. स्टेन्सिल मी कापायचो, हँडल प्रल्हाद फिरवायचा. मी वीस वर्षांचा, तो बावीसचा. जग बदलायला वर्षभर पुरेल की दोन वर्षं लागतील, एवढाच काय तो आमच्यात मतभेद होता.

मग रशिया आणि चीनचं फाटलं. आज हे माझ्या नातीला सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगतो. दोघे कम्युनिस्ट, दोघे मित्र, दोघांच्या भिंतींवर तीच दाढीवाली चित्रं. रशियाचं म्हणणं असं की अमेरिकेबरोबर एकाच पृथ्वीवर नांदता येईल. चीनचं म्हणणं असं की असं म्हणणारा फितूर आहे. १९६० साली रशियाने चीनमधले आपले इंजिनिअर परत बोलावले, आणि जाताना ते नकाशेही गुंडाळून घेऊन गेले. अर्धे बांधलेले कारखाने तिथेच राहिले. त्यानंतर दोघे एकमेकांना लांबलचक पत्रं लिहू लागले आणि ती पत्रं छापून जगभर वाटू लागले. आमच्या पक्षात आधीच कुरबुरी होत्या, त्यात बासष्टचं चीनयुद्ध झालं, आणि चौसष्ट साली पक्षाचे दोन तुकडे पडले. आम्ही त्यांना चीनवाले म्हणायचो, ते आम्हाला रशियावाले म्हणायचे. दोघांपैकी कुणीही पुण्याच्या पलीकडे गेलेलं नव्हतं.

मी रशियाच्या बाजूला का गेलो, याची मी बरीच सैद्धांतिक कारणं देत आलो आहे. मॉस्कोहून येणाऱ्या पुस्तकांचा कागद गुळगुळीत असायचा, हे त्यातलं एक कारण होतं. ते मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

तर हँडल. प्रल्हाद एका दुपारी जेवायला गेलेला असताना मी मशीनचं हँडल काढलं, पिशवीत घातलं आणि घरी घेऊन गेलो. चीनवाल्यांचं पत्रक निघू नये, एवढाच हेतू होता. पत्रक मात्र चीनबद्दल नव्हतं. विडी वळणाऱ्या बायकांची सभा होती, मजुरीची, आणि त्या सभेचं ते पत्रक होतं. प्रल्हादने रात्रंदिवस बसून हाताने सत्तर पत्रकं लिहिली. सभेला एकोणीस बायका आल्या. कारखान्याचा मालक समोरच्या ओट्यावर उभा राहून बघत होता आणि बघून हसत आत गेला. त्या वर्षी बायकांची मजुरी वाढली नाही. मी मात्र त्या संध्याकाळी घरी बसून जागतिक शांततेवर टिपण लिहीत होतो.

त्यानंतर प्रल्हाद माझ्याशी बोलला नाही. हँडल पुढे तीस वर्षं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला अडसर म्हणून होतं. ते कशाचं आहे, हे बायकोला मी कधी सांगितलं नाही. घर विकलं तेव्हा ते भंगारवाल्याकडे गेलं.

भेंडीच्या त्या भेटीनंतर आमचं बोलणं सुरू झालं, त्याचं श्रेय समेटाला नाही, फ्रिस्कोला आहे. बायको गेल्यावर वैदेहीने मला इथे आणलं. सकाळी आठ वाजता ती, जावई आणि नात इशिता आपापल्या दिशांना निघून जात. मग मी, गवत आणि गवतावर पाणी मारणाऱ्या तोट्या. मला गाडी येत नाही, आणि पायी जाण्यासारखं फक्त एक तळं आहे, पावसाचं पाणी साठवायला खणलेलं. प्रल्हाद दोन गल्ल्या सोडून त्याच्या मुलाकडे, केदारकडे राहत होता. त्याच्याही वाट्याला तेच तळं होतं. दोन मैलांच्या परिसरात माझ्याशी दिवसा मराठी बोलणारा एकच माणूस होता, आणि तो चीनवाला निघाला.

रोज सकाळी आम्ही तळ्याला चार फेऱ्या मारायचो. पहिल्या फेरीत गुडघे आणि रक्तदाब, दुसऱ्या फेरीपासून १९६०. तो म्हणायचा, रशियाने इंजिनिअर नेले, ही मैत्री होती का? मी म्हणायचो, आणि तुमच्या माओने अमेरिकेच्या अध्यक्षाला घरी बोलावून हात मिळवला, ते काय होतं? तो म्हणायचा, ते बोलायला तू टेक्सासात उभा आहेस. कुत्री फिरवणारे गोरे लोक आम्हाला हात करून जायचे. दोन गोड म्हातारे, असं त्यांना वाटत असावं. प्रत्येक वाद शेवटी एकाच वाक्यावर यायचा. "तू कम्युनिस्ट कधी नव्हतासच," प्रल्हाद म्हणायचा आणि घरी जायचा.

हे असंच चालू राहिलं असतं. पण माझा व्हिसा सहा महिन्यांचा होता, आणि परत जाऊन बसायला सोलापुरात माझं घर उरलं नव्हतं. मला इथे राहायचं होतं. इशिता शाळेतून आली की माझ्या खोलीच्या दाराशी येऊन "हाय आजोबा, यू ओके?" म्हणते, तेवढ्यासाठी मला इथे राहायचं होतं. वैदेहीने माझ्या ग्रीन कार्डाचं काढलं.

वकील होती सुचित्रा, मूळची नागपूरची, चाळिशीची, भराभर बोलणारी. फॉर्ममध्ये प्रश्नांची रांग असते. तुम्ही दहशतवादी आहात का, नरसंहार केलाय का. ती वाचत होती, मी नाही म्हणत होतो, ती खूण करत होती. मग तिने वाचलं की तुम्ही कधी कम्युनिस्ट किंवा इतर हुकूमशाही पक्षाचे सभासद होता का. वाचता वाचताच तिचा हात 'नाही'कडे गेला होता. मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण 'इतर हुकूमशाही' या शब्दांवर मी थांबलो. मी तिला म्हणालो की हे वाक्य चुकीचं आहे, कम्युनिस्ट सगळे एका मापात मोजता येत नाहीत. ही टीका चीनच्या बाजूला लागू पडेल, आमच्या नाही. मग मी तिला, रशियाने आपल्याच जुन्या नेत्याच्या चुका चव्हाट्यावर आणल्या त्या छप्पन्न सालापासून सगळं सांगितलं. वीस मिनिटं. वैदेहीने दोनदा माझा गुडघा दाबला, मला वाटलं ती दाद देतेय.

सुचित्राने पेन खाली ठेवलं. "काका, हे मी आता ऐकलंय," ती म्हणाली. "आता मी 'नो' टिक करू शकत नाही."

तिने मग समजावलं की यात घाबरण्यासारखं नाही. माणूस पूर्वी सभासद असेल आणि फार वर्षांपूर्वी सोडून गेला असेल, तर कायद्यात वाट आहे. लपवलं तर मात्र सगळं संपलं. कधी सोडलं आणि का सोडलं, हे सांगणारं कुणाचं तरी पत्र हवं, त्या वेळी मला ओळखणाऱ्या माणसाचं. असा कुणी आहे का, तिने विचारलं. मी मनातल्या मनात यादी केली. सगळे गेले होते. एक उरला होता, आणि तो दोन गल्ल्या सोडून राहत होता.

 गाडीत, सिग्नलला थांबल्यावर, वैदेही म्हणाली, "बाबा, तुम्हाला इथे राहायचंय ना?" मी हो म्हणालो. एवढ्या वर्षांत मी एवढ्या लहान आवाजात काही बोललो नव्हतो.

घरी येईपर्यंत मात्र माझ्या डोक्यात एक युक्ती आली होती आणि मी तिच्यावर खूश होतो. सोडल्याचं पत्र कशाला? प्रल्हाद रोज तळ्यावर म्हणतोय की मी कम्युनिस्ट कधी नव्हतोच. तेवढंच त्याने कागदावर लिहून सही केली, की काम फत्ते. त्याला खोटंही बोलावं लागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तळ्यावर, पहिल्याच फेरीत, मी त्याला ते मागितलं.

त्याने पूर्ण फेरी विचार केला. मग म्हणाला, पत्र देईन, पण आधी हँडलबद्दल तुझी आत्मटीका हवी. लेखी.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पक्षात चूक झाली तर माफी मागायची पद्धत नव्हती. माफी घरगुती, आत्मटीका शास्त्रीय. काय केलं, का केलं, कुणाचं नुकसान झालं, हे स्वतः लिहून द्यायचं. मी आयुष्यात इतरांकडून बऱ्याच आत्मटीका लिहून घेतल्या होत्या. एक्याऐंशीव्या वर्षी, इशिताच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर, मी पहिल्यांदा स्वतःची लिहायला बसलो.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं की तत्कालीन आंतरराष्ट्रीय तणावामुळे मशीनचं हँडल निघालं. कागद दुसऱ्या दिवशी परत आला, लाल पेनाने भरलेला. समासात लिहिलं होतं, "आपोआप निघालं का?" दुसऱ्यात मी प्रांतिक नेतृत्वाची जबाबदारी तपशिलात मांडली. समासात आलं, "नेतृत्व सोलापुरात नव्हतं. खोलीत तू होतास." तिसरा मसुदा बरा होता, असं माझं मत आहे, पण तो कुणी वाचलाच नाही. आम्ही एकमेकांसाठीचे कागद केदारच्या दारातल्या पत्रपेटीत ठेवायचो आणि दुसऱ्याला लांबून दिसावं म्हणून पेटीवरचं लाल निशाण वर करायचो. इथे ते निशाण वर असलं की पोस्टमन आतलं टपाल उचलून नेतो, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. लाल निशाण वर करताना कुणाला विचारायचं असतं, असं आम्हाला कधी कुणी शिकवलं नव्हतं. माझी आत्मटीका अमेरिकन टपाल खात्याने नेली, पत्ता नाही, तिकीट नाही. केदारच्या पेटीत एक चिठ्ठी आली की टपालाशिवाय पेटीत काही ठेवू नये. केदारने वडिलांना विचारलं की हे काय चाललंय. पक्षांतर्गत आहे, असं त्यांनी सांगितलं.

चौथा मसुदा चार ओळींचा होता. हँडल मी काढलं. बायकांची सभा बुडेल हे मला माहीत होतं. रशिया आणि चीनचं काय होईल याची मला काळजी होती, आणि त्या बायकांची नव्हती. हँडल आता नाही.

तळ्याकाठच्या बाकावर बसून प्रल्हादने तो कागद दोनदा वाचला. घडी करून खिशात घातला. त्याच खिशातून दुसरा कागद काढून माझ्या हातात दिला. मी तो आधी नजरेने, मग ओठ हलवत वाचला.

"गुरुनाथ यांना मी १९६१ पासून ओळखतो. ते कम्युनिस्ट होते. चुकीच्या बाजूला होते, पण होते. विडी कामगार बायकांना अक्षरओळख व्हावी म्हणून ते दोन वर्षं रोज संध्याकाळी चालत जात. जून १९७० मध्ये जिल्हा परिषदेत कारकुनाची नोकरी लागल्यामुळे त्यांनी पक्ष सोडला. त्यात तत्त्वाचा प्रश्न नव्हता. मी स्वतः आजही सभासद आहे."

मला राग कशाचा आधी यावा, हेच कळेना. प्राग शहरात रशियन रणगाडे घुसले म्हणून मी पक्ष सोडला, असं मी घरी, दारी, वैदेहीच्या लग्नातसुद्धा सांगितलं होतं. आणि वर ते 'कम्युनिस्ट होते'.

"रोज म्हणत आलास, हा कम्युनिस्ट नव्हताच," मी म्हणालो. "आज गरज आहे तर उलटं लिहितोस?"

"ते भांडणात," प्रल्हाद म्हणाला. "हे कागदावर आहे."

मी तळ्याकडे तोंड करून बसलो. हे वाक्य मला विसाव्या वर्षापासून त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. ते मिळालं तेव्हा, मला वाटलं, त्याचा उपयोग मला देशाबाहेर घालवण्यापुरता होता, आणि तरी मला रडू आलं. प्रल्हादने विचारलं तेव्हा मी ते टेक्सासच्या उन्हावर ढकललं. त्याला पटलं नसावं, पण त्याने खाकरून मुद्दा खोडला नाही. १९७० ची तारीख तुला कशी माहीत, मी विचारलं, आपण तर बोलत नव्हतो. तो म्हणाला, बोलत नव्हतो, पण बघत होतो.

पत्राचं इंग्रजी वैदेहीने केलं. कारकुनाच्या ओळीपाशी ती थांबली, आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो. "आईला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "ती म्हणायची, रणगाडे अडुसष्टला आले आणि हे सत्तरला निघाले, एवढा वेळ चालतच आले असणार." मग ती हसत सुटली. सुचित्रा मात्र त्या ओळीवर फारच खूश झाली. नोकरी लागली म्हणून क्रांती सोडली, याहून निरुपद्रवी माणूस कोणत्याही सरकारला मिळायचा नाही, असं तिचं म्हणणं पडलं. तिने ते सौम्य शब्दांत सांगितलं.

त्याच बैठकीत केदार आपल्या वडिलांनाही घेऊन आला होता. सुचित्रा त्यांना म्हणाली की काका, तुम्हीही पक्ष सोडलात आणि काही वर्षं गेली, तर तुमचंही कार्ड होऊ शकेल. केदारने मला बाजूला घेऊन विनवलं की तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. माझं ऐकतील. मी तळ्यावर प्रयत्न केला. राजीनामा देऊ नकोस, मी म्हणालो, पुढच्या वर्षी फक्त सभासदत्व नवं करायचं विसर, माझं तसंच झालं होतं. प्रल्हाद म्हणाला, "शाखेत आम्ही अकरा आहोत. मी विसरलो तर दहा." सप्टेंबरात त्याच्या व्हिसाचे सहा महिने संपले आणि तो सोलापूरला परत गेला. विमानतळावर त्याने मला रशियन पद्धतीने मिठी मारली आणि ही सवलत तात्पुरती आहे, असं सांगितलं.

फेब्रुवारीत माझी मुलाखत झाली. अधिकारी तरुण होता, माझ्या जावयापेक्षाही लहान. त्याने तो प्रश्न विचारला. मी 'येस' म्हणालो. त्याने प्रल्हादचं पत्र वाचलं आणि, वैदेहीच्या मते नुसत्या कुतूहलाने, विचारलं की 'चुकीची बाजू' म्हणजे काय, भांडण कशाबद्दल होतं? साठ वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. माझ्याकडे छप्पन्न, साठ, बासष्ट आणि एकोणसत्तरची रशिया-चीनची सीमेवरची चकमक, सगळं तयार होतं. मी तोंड उघडलं आणि मला त्या एकोणीस बायका आठवल्या. "सर, देअर वॉज अ मशीन," मी म्हणालो. "आय टुक द हँडल." तो माझ्याकडे बघत राहिला, मग वैदेहीकडे, आणि पुढचा प्रश्न घेतला. तीन आठवड्यांनी कार्ड घरी आलं. त्यावरच्या फोटोत मी घाबरलेल्या कारकुनासारखा दिसतो, जो मी होतो.

मार्चमध्ये प्रल्हाद पुन्हा यायचा होता. केदारने येऊन सांगितलं की डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलाय, आता बाबा येणार नाहीत. बोलताना तो माझ्या बुटांकडे बघत होता. मला माझ्या कार्डाची लाज वाटली. ज्याने पत्र लिहून मला इथे ठेवलं, तो तिकडे, आणि मी इथे, माझ्या मुलीच्या घरात, इशिताच्या "यू ओके?"च्या अंतरावर.

तळ्याच्या फेऱ्या चालू आहेत. वाद घालायला कुणी नाही, म्हणून दोन्ही बाजू मीच मांडतो. प्रल्हादची बाजू मांडताना खाकरून घेतो. लोक अजून हात करतात, पण आता जरा लांबून. मागच्या आठवड्यात, तिसऱ्या फेरीत, इंजिनिअर परत नेण्याच्या मुद्द्यावर, मी चीनच्या बाजूने बोलत असताना रशियाच्या बाजूला उत्तर सुचेना. मी दोनदा प्रयत्न केला. मग बाकावर बसलो आणि सोलापूरला फोन लावला. तिथे संध्याकाळ होती, मागे रिक्षांचा आवाज येत होता. त्याचा आवाज बारीक झालाय. मी म्हणालो, प्रल्हाद, इंजिनिअरच्या बाबतीत तुझं बरोबर होतं.

पलीकडे तो खाकरला.

"फोनवर नको," तो म्हणाला. "लेखी पाठव."

म्हणून हे सगळं लिहून काढलं आहे. लाल पेनासाठी समास रुंद सोडला आहे.